झेरॉक्सवरचा मोर आणि विरघळणाऱ्या रेघा

आंबेमोहोर
मंडळी, मदत हवीय. गेल्या महिन्यात जिन्यावरून घसरले, पायाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. मोबाइल बघून डोळे शिणले, विणकामात मी ढ. शेवटी भाच्याने बारीक नक्षीच्या चित्रांचं एक पुस्तक आणि साठ मार्करांचा डबा पाठवून दिला. चित्रं इतकी सुरेख की रंगवायची भीती वाटते. भाच्याने बजावलं होतं, "मावशी, थेट पुस्तकात नको, शाई मागच्या पानावर उतरेल." म्हणून मोराचं पान जाड कागदावर झेरॉक्स करून आणवलं आणि बसले.

आता रडगाणं.
पिवळा मार्कर काळ्या रेघेवरून गेला की रेघ विरघळते. पिवळ्याचा चिखल होतो आणि मार्करचं टोकही काळं पडतं.
पिसाऱ्यातले डोळे मुगाच्या दाण्याएवढे आहेत. कितीही जपून भरलं तरी रंग रेघेबाहेर पळतो.
आणि आधी कडेने रेघ मारून मग आत भरायचं की आतून कडेकडे जायचं?

मोराची मान पार बिघडली आहे. पिसारा वाचवायचाय.

चटकचांदणी
अगं काळजी घे पायाची. मार्कर पाण्याचे आहेत की स्पिरिटचे?

आंबेमोहोर
ते कसं ओळखायचं? डब्यावर सगळं चिनी लिपीत आहे.

बोरूबहाद्दर
टोपण काढून वास घ्या. इंजेक्शनच्या आधी कापसाला येतो तसा वास आला तर स्पिरिटचे. खात्री हवी असेल तर एक रेघ मारा, वाळू द्या, वर पाण्याचा थेंब टाका. रंग पसरला तर पाण्याचे, रेघ ढिम्म राहिली तर स्पिरिटचे.

उंटावरचा शहाणा
वास फार वेळ घेऊ नका. नाहीतर मोर नाचताना दिसेल.

आंबेमोहोर
दवाखान्याचाच वास आहे. स्पिरिटचे.

रेघोट्या
मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. चूक तुमची नाही, मार्करचीही नाही, झेरॉक्सची आहे.

झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटमधली काळी रेघ ही शाई नसतेच. ती प्लास्टिकची बारीक काळी भुकटी असते. मशीन ती उष्णतेने वितळवून कागदावर चिकटवतं, त्यामुळे ती कागदात मुरत नाही, वर बसून राहते. स्पिरिट लागलं की मऊ पडते आणि मार्करचं टोक तिला ओढत नेतं. साध्या इंकजेट प्रिंटरचा हिशोब बरोबर उलटा. त्याची शाई बहुधा पाण्यातली, ती कागदात मुरते. स्पिरिटच्या मार्करला ती सहसा दाद देत नाही, पण पाण्याचा ब्रशपेन फिरवला की पसरते. म्हणजे स्पिरिटचे मार्कर असतील तर इंकजेटची प्रत, पाण्याचे असतील तर झेरॉक्स. दोन्ही बाबतींत कोपऱ्यात एक रेघ ओढून बघायची आणि मगच मोराला हात लावायचा.

काळं झालेलं टोक लगेच रद्दी कागदावर घासा. रंग स्वच्छ येईपर्यंत रेघोट्या मारत राहा. पिवळ्याचं टोक एकदा मुरलं की कायमचं मळकं होतं.

चटकचांदणी
बापरे. मी दोन वर्षं मार्करच्या कंपनीला शिव्या घालत होते. वाचनखूण साठवली.

माजघर
झेरॉक्सवर गरम इस्त्री फिरवून मग रंगवायचं असंही ऐकलं होतं. मी करून पाहिलं. रेघ थोडी कमी सुटली, पण सुटलीच. शिवाय कागदाला बाक आला तो वेगळाच. माझ्या मते इंकजेट नसेल तर चित्र गिरवून घ्यावं.

आंबेमोहोर
गिरवायला खिडकीच्या काचेपाशी उभं राहावं लागतं ना? मी पलंगावर आहे हो.

माजघर
घरात काचेचा टीपॉय असेल तर खाली मोबाइलची टॉर्च लावून ठेवायची. वर मूळ चित्र, त्यावर कोरा कागद, चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के. टीपॉय नसेल तर मोठ्या फोटोफ्रेमची काच काढून दोन पुस्तकांवर आडवी टेकवा. कडांना चिकटपट्टी लावून घ्या, नाहीतर पायाबरोबर हातालाही प्लॅस्टर. हलकंच घ्या.

बोरूबहाद्दर
गिरवायला पेन कुठलं घेताय ते महत्त्वाचं. बॉलपेन अजिबात नको. बॉलपेनचा डाग आपण सॅनिटायझर लावून काढतो, मग स्पिरिटचा मार्कर तो सोडेल होय? जेलपेनचाही भरवसा नाही. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या. त्यात रंगाचे सूक्ष्म कण असतात, ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतात आणि एकदा वाळले की पाणी नाही, स्पिरिट नाही, कशालाच बधत नाहीत. जपानच्या साकुरा कंपनीने १९८२ साली अशी शाई काढली, पिग्मा नावाने. आता बऱ्याच कंपन्या बनवतात. बाहेरच्या रेघेला ०.३ नंबरचं टोक, पिसांच्या बारकाव्यांना ०.०५ किंवा ०.१. गिरवून झाल्यावर तासभर हात लावायचा नाही.

उंटावरचा शहाणा
तासभर हात लावायचा नाही हे आमच्या घरी मांजरीला कोण सांगणार?

देशस्थ_डॉट_रोहा
एक विचारू का? रागावू नका. दुसऱ्याने काढलेल्या चित्रात रंग भरणं ही कला झाली का? हे म्हणजे बालवाडीतलं काम. वेळ घालवायचा तर सरळ स्वतः चित्र काढा.

चटकचांदणी
आलाच का कोणीतरी.

माजघर
माझी आजी कार्बनपेपरने नक्षी छापून घेऊन उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम करायची. नक्षी बाजारची, टाका तिचा. तिला कोणी विचारलं नाही ही कला आहे का. सगळे फक्त अभ्रे मागून न्यायचे.

देशस्थ_डॉट_रोहा
भरतकामाची गोष्ट वेगळी.

उंटावरचा शहाणा
कशी काय? तिथे सुई टोचते म्हणून?

रेघोट्या
या चर्चेचा काश्मीर करू नका राव, वाद पुरे. दुसऱ्या प्रश्नाकडे या: रंग रेघेबाहेर का पळतो.

स्पिरिटची शाई कागदावर बसत नाही, कागदातून चालते. टोक टेकवलंत त्या जागी ती थांबत नाही, चारी बाजूंना सरकते. म्हणून रेघेपर्यंत रंगवत जायचंच नाही. साधारण एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं, उरलेलं अंतर शाई स्वतः काटते. मुगाएवढ्या जागेत तर ओढायचंही नाही. मधोमध टोक टेकवायचं, उचलायचं, बघायचं. पुरलं नाही तर पुन्हा टेकवायचं. आणि अशा जागांसाठी अर्धा सुकलेला जुना मार्कर जपून ठेवा, तो कमी शाई सोडतो. नवा कोरा मार्कर बारीक कामाला शत्रू.

पाऊसवेडी
आंबेमोहोर, तुम्ही कोकणात का? आत्ता जुलै चालू आहे.

आंबेमोहोर
चिपळूणजवळ. का?

पाऊसवेडी
मग तुमचा कागद सादळलेला असणार. पावसाळ्यात आमच्याकडे पापड सादळतात, मीठ सादळतं, तसा कागदही. दमट कागदात शाई जास्त पळते आणि रेघेला झिपऱ्या फुटतात. मी कागद स्टीलच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवते, औषधाच्या आणि चपलांच्या खोक्यात येतात त्याच पुड्या. काढला की लगेच टेबल लॅम्पखाली पाच मिनिटं. मे महिन्यात आणि जुलैत एकाच कागदावर एकच मार्कर वेगळा वागतो, हे मी पैज लावून सांगते.

आंबेमोहोर
अगंबाई! पापडांच्या डब्यातच ठेवते आता.

न्यूजर्सीकर
पापडांबरोबर नको, तेल लागेल. :)

कागदावरून आठवलं. साधा प्रिंटरचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो, त्यातून स्पिरिटचा मार्कर आरपार जातो आणि खालच्या टेबलावरही सही करतो. निदान १६० जीएसएमचा गुळगुळीत कागद घ्या. खरबरीत कागद नको. तो टोक झिजवतो, शाईही जास्त पितो. कितीही जाड कागद असला तरी खाली एक रद्दी पान ठेवायचंच.

हातखंडा
आमच्या वेळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला संकल्पचित्र असायचं. पोस्टर कलर. आमचे सर म्हणायचे, आधी फिका, मग गडद, काळी रेघ सगळ्यात शेवटी. रंग थोडा बाहेर गेला तरी रेघ तो झाकून टाकते. इथे सगळं उलट आहे, रेघ आधीच छापलेली आणि आपण तिला घाबरत घाबरत रंग भरतो. मला तर वाटतं गिरवताना रेघ फिकट ठेवावी, अगदी एचबी पेन्सिलने. आधी रंग भरावेत आणि शेवटी पिगमेंट पेनने रेघ ओढावी. रंग अर्धा मिलिमीटर बाहेर गेला तर रेघ तेवढी जाड करायची. कोणाला कळतंय!

बोरूबहाद्दर
हातखंडा काका, पेन्सिल अगदी हलकी हवी पण. स्पिरिट वरून गेलं की तिची रेघ खोडरबराने नीट निघत नाही. आणि शिसं जास्त असेल तर पिवळा पुन्हा मळणार.

हातखंडा
खरंय. आधी कणकेसारख्या मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने टिपून घ्यायची, जेमतेम दिसेल एवढीच ठेवायची.

चटकचांदणी
तिसरा प्रश्न राहिलाच. मी नेहमी आधी कडेने बारीक रेघ मारते, मग आत भरते. धरण बांधल्यासारखं.

माजघर
मी तर उलट सांगेन. कडेने रेघ मारली की ती वाळते, मग आतला रंग तिच्यावर चढतो आणि कडेला गडद किनार उमटते. साडीला काठ असावा तशी. मला ती आवडत नाही.

चटकचांदणी
माझ्या चित्रांना काठ येत नाही.

माजघर
तू काय वापरतेस?

चटकचांदणी
स्पिरिटचे.

माजघर
मी पाण्याचे ब्रशपेन. घ्या, म्हणजे दोघीही बरोबर.

रेघोट्या
पूर्ण नाही. स्पिरिटच्या मार्करनेही कड वाळू दिली तर काठ येतोच, फक्त फिका. कड ओली असतानाच आत भरायला हवं, म्हणजे दोन्ही शाया एकमेकींत मिसळतात. त्यामुळे एका वेळी एकच छोटा भाग. अख्ख्या पिसाऱ्याच्या कडा आधी मारून ठेवायच्या आणि मग चहा करायला जायचं, असं चालत नाही.

पाण्याच्या पेनांची आणखी एक खोड: एकाच जागी तिसरा-चौथा हात दिला की ओल्या कागदाचा लगदा सुटतो, टोकाला बारीक गोळे येतात. मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. घाई असेल तर मोकळ्या जागा एकाआड एक भरत जा.

डावखुरा
उजव्या हाताच्या लोकांनो, तुमचं बरं चाललंय. मी डावीकडून भरायला घेतलं तर तळहात आधीच्या रंगावरून घसरतो. तर माझ्यासारख्यांनी उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करावी आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवावा. शाळेत बाईंनी "इकडून का भरतोस" म्हणून पट्टी मारली होती. आता कळलं असेल त्यांना.

न्यूजर्सीकर
छायेबद्दल कोणी बोललं नाही. मी कोपिक वापरतो. तेही जपानी मार्कर, १९८७ सालापासून आहेत आणि ३५८ रंग. सगळे घेतले तर घर विकावं लागेल, पण त्यांच्या टोपणावरच्या आकड्यांची रीत कुठल्याही डब्याला लावता येते. अक्षर म्हणजे रंगाचं कूळ. पहिला आकडा जितका मोठा तितका रंग मळकट, करडेपणाकडे झुकलेला. शेवटचा आकडा जितका मोठा तितका गडद. एकमेकांत नीट मिसळणारे तीन रंग हवेत तर कूळ एक, पहिला आकडा एक आणि शेवटच्या आकड्यांत दोन-तीनचं अंतर.

तुमच्या डब्याचे आकडे वेगळे असतील. म्हणून आधी त्याच कागदावर साठही रंगांचे चौकोन भरून तक्ता करा. टोपणाचा रंग आणि कागदावर उतरणारा रंग यांचं सहसा पटत नाही. आणि छायेसाठी काळा किंवा करडा उचलू नका, पिवळ्यात काळा गेला की शेवाळ होतं. पिवळ्याला गेरू, गेरूला तपकिरी.

उंटावरचा शहाणा
साठ चौकोन भरायचे म्हणजे पाय बरा होईपर्यंत मोराची वेळच येणार नाही.

आंबेमोहोर
हसू नका, तक्ता कालच केला. "आकाशी" म्हणून जो होता तो जांभळा निघाला. वाचले.

तळ्यात_मळ्यात
अवांतर आहे, पण मोर आहे म्हणून. मोराच्या पिसात निळं-हिरवं रंगद्रव्य नसतंच! असतं ते तपकिरी मेलॅनिन. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, त्यावरून उजेड परततो तेव्हा निळा-हिरवा दिसतो. म्हणून पीस फिरवलं की रंग बदलतो. पिसाचा डोळा नीट पाहा: मध्ये काळपट निळा, त्याभोवती मोरपंखी, मग तांब्याचा तपकिरी, बाहेर सोनेरी हिरवा.

आंबेमोहोर
मग मार्करने ती झळाळी कशी आणायची?

तळ्यात_मळ्यात
हे रंगकामवाल्यांनी सांगावं. मी जीवशास्त्राचा मास्तर.

रेघोट्या
तळाला गडद तपकिरी-हिरवा मार्कर. तो पूर्ण वाळला की वर चमकीच्या जेलपेनने अगदी बारीक, तुटक रेघा. निळी चमक, तांबडी चमक, कुठेतरी सोनेरी. सलग भरलंत तर लग्नपत्रिका होईल. जेलपेन सगळ्यात शेवटी, कारण त्याच्यावर मार्कर फिरवला की चमक उखडते आणि मार्करचं टोक चोंदतं. रंगीत पेन्सिलचंही तेच: आधी मार्कर, वर पेन्सिल. पेन्सिलच्या मेणावर मार्कर चालत नाही, आणि मेणाच्या जाड थरावर जेलपेनही घसरतं.

मैथिलीची_वहिनी
माझं लग्न दरभंग्यात झालंय, सासूबाई मधुबनी, म्हणजे तिकडची पारंपरिक लोकचित्रं, काढतात. ही चर्चा त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्या हसल्या. त्यांच्याकडे दोन पद्धती: भरणी आणि कचनी. भरणीत रेघेच्या आत सपाट, ठसठशीत रंग भरायचा. कचनीत भरायचंच नाही, बारीक रेघांनीच जागा विणायची, बहुतेकदा एक-दोन रंगांत. मधुबनीच्या चित्रकारांत सीतादेवी भरणीसाठी नावाजल्या, गंगादेवी कचनीसाठी. दोघींनाही पद्मश्री मिळाली.

सासूबाईंचं म्हणणं असं की मुगाच्या दाण्यात रंग ओतायचा हट्टच कशाला? तिथे कचनी करा. मोठ्या जागा मार्करने, बारीक जागा त्याच रंगाच्या बारीक पेनने, रेघेला रेघ लावून. रंग पळायला जागाच उरत नाही. आणि रेघा पिसाच्या वाढीच्या दिशेने.

चटकचांदणी
सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना इथे आयडी काढून दे.

मैथिलीची_वहिनी
सांगितला. म्हणाल्या, आधी हात चालवा, मग नमस्कार करा.

हातखंडा
+१. मार्कर परवडत नाहीत त्यांनीही हे करावं. दहा रंगांचं बारीक पेनांचं पाकीट पुरतं.

वऱ्हाडी_ठेचा
मी नागपूरचा. एक कळकळीची सूचना. मी मंडलाचं, म्हणजे गोल नक्षीचं, एक चित्र चार महिने रंगवलं, फ्रेम केलं आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलं. आमच्याकडचं ऊन तर माहीतच आहे. दीड वर्षात जांभळा राखाडी झाला, गुलाबी तर गेलाच, उरला फक्त निळा. बायको म्हणते आता जास्त चांगलं दिसतंय. मार्करची शाई बहुतेक डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असते, उजेडात उडते, आणि फ्लोरोसंट रंग तर सगळ्यांत आधी. रंगवून झालं की लगेच स्कॅन करा, भिंतीवर प्रत लावा, मूळ चित्र फायलीत.

देशस्थ_डॉट_रोहा
काल माझ्या मुलीच्या वहीतलं एक चित्र घेऊन बसलो होतो. मासा. खवले भरायला पाऊण तास लागला आणि तरी रंग बाहेर गेला. कचनी म्हणजे नक्की कुठल्या टोकाचं पेन?

उंटावरचा शहाणा
या, बसा. चहा घेणार?

मैथिलीची_वहिनी
सासूबाई पूर्वी बांबूच्या काडीने करायच्या, आता निबने. तुम्ही ०.१ घ्या. आणि दोन रेघांमध्ये रेघेएवढीच मोकळी जागा ठेवा.

आंबेमोहोर
दहा दिवसांनी येतेय. प्लॅस्टर अजून आहे, मोर मात्र झाला.

फोटोफ्रेमची काच आणि टॉर्च वापरून पुन्हा गिरवला. हातखंडा काकांचं ऐकून आधी पेन्सिल, रेघ शेवटी. कागद दोनशे जीएसएमचा, शेजारच्या मुलाने चिपळुणातून आणून दिला. तो बिस्किटांच्या डब्यात पुड्यांबरोबर ठेवला होता. खरंच फरक पडला, मान या वेळी एका दमात झाली. निळ्याच्या तीन छटा, ओल्यावर ओला.

पिसाऱ्यातल्या मोठ्या डोळ्यांना मार्कर, लहानांना कचनी. एकूण एकशे चौदा डोळे, मोजले. पन्नासाव्यानंतर हात आपोआप चालायला लागला आणि सत्तराव्यापाशी झोप लागली, त्यामुळे तिथे एक हिरवी रेघ थेट बाहेर गेली आहे. तिचं पान करून टाकलं. आता मोराच्या पिसाऱ्यातून एक पान उगवलंय.

एक प्रश्न उरला. पांढऱ्या जेलपेनने डोळ्यात चमकेचा ठिपका दिला, तो दुसऱ्या दिवशी निळसर दिसायला लागला. का?

रेघोट्या
खालचा मार्कर पुरता वाळला नव्हता. वरून कोरडा वाटतो, पण दाट थरांत आत ओल असते, मग खालचा निळा वर चढतो. एक दिवस थांबा आणि त्याच ठिपक्यावर पुन्हा पांढरा द्या.

पाऊसवेडी
चिपळुणात जुलैमध्ये दोन दिवस थांबा.

चटकचांदणी
ते सगळं नंतर. फोटो कुठाय? पान उगवलेला मोर आधी दाखव.